पाकिटातले हातमोजे

शिरूर, मंगळवार संध्याकाळ

आज सरकारी आणि आम्हा खासगी पशुवैद्यांची एकत्र बैठक झाली. आरोग्य खात्याच्या बाईंनी विचारलं, "संध्याकाळी ताप, सांधेदुखी कुणाकुणाला आहे?"

निम्म्यांचे हात वर! पहिला आप्पांचा, आमच्यातल्या सगळ्यात जुन्या डॉक्टरांचा. व्यायल्यावर गाईच्या पोटात अडकलेली वार, म्हणजे जार, काढायला मला त्यांनीच शिकवलं. "मोजे घातले की हाताला कळत न्हाई," म्हणायचे.

बाई म्हणाल्या, हा ताप गाभडलेल्या, म्हणजे गर्भपात झालेल्या गाईच्या वारेतून येतो. आज सकाळीसुद्धा केंदूरला तसलीच वार मी नेहमीसारखी उघड्या हातानं काढली. सरकारनं दिलेले हातमोजे गाडीच्या डिकीत. पाकीटसुद्धा फोडलेलं नाही. मूर्ख मी!

निघताना आप्पांनी हळूच विचारलं, "तुला न्हाई ना रं ताप?"

"न्हाई आप्पा."

हे लिहितोय आणि काखेत थर्मामीटर आहे. काढून बघायचा धीर होत नाही.