पंचमीला त्या दोघी तळ्यावर

१४ जून २००८, रेडमंड

सुलभाचा ओहायोहून फोन. ऋचाला इटलीला नेते म्हणाली, गार्डा तळ्यावर. तीन वर्षांपूर्वी ती आणि माधवी गेल्या होत्या तिथेच, त्याच हॉटेलात. "भाऊजी, आईची जागा बघू दे पोरीला. एकोणीस जुलैच्या आत परत आणते, म्हणजे वर्षश्राद्धाला असू." ऋचा दुसऱ्या फोनवरून, "प्लीज, बाबा." हो म्हटलं.

मला चला म्हणाली नाही सुलभा. म्हणाली असती तरी मी नाहीच म्हटलं असतं. पण म्हणायला हवं होतं.

१७ जून

सुलभाने तेव्हाचे फोटो मेल केले. माधवीने मला दाखवलेल्या फोटोंत चर्च, लिंबाची झाडं, आइस्क्रीम. एक त्यात नव्हता. पॅडल बोटीत मा., नारिंगी लाइफ जॅकेट, सुकाणू तिच्या हातात, तोंड उघडं टाकून हसतेय.

इथे लेक समामिशवर मी दर उन्हाळ्यात डबल कयाक, दोघांची वल्ह्यांची होडी, भाड्याने घ्यायचो. "मी नाही बाई, मी इथेच बरी." थर्मास घेऊन मा. बाकावर. शेवटपर्यंत तेच. पुढच्या सीटवर ऋचा, नाहीतर कोणी नाही.

तिकडे बहिणीबरोबर बसली.

मी तेव्हा गेलो नाही कारण ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. आणि आमची रजा म्हणजे पुणं, दुसरं काही नाहीच. जाताना मिलानला उतरू म्हणायचो, दर वेळी.

२१ जून

गुरुजींना फोन करायचा म्हणून कॅलेंडर पाहिलं. मा. गेली १९ जुलैला, आषाढ शुद्ध पंचमी. यंदा पंचमी ७ जुलैला येते. त्या दोघी २ ते १२ तिकडे.

सुलभाने तारीख धरली, तिथी बघितलीच नाही. एरवी हिला चतुर्थ्यासुद्धा पाठ.

फोन उचलला, ठेवला. सांगितलं तर तिकिटं कॅन्सल करतील, पोर हिरमुसेल, म्हणून नाही सांगितलं, असं लिहिणार होतो. ते खरं नाही. तळं तुम्हाला, तर तो दिवस मला.

१ जुलै

ऋचाला एअरपोर्टला सोडलं. डोक्यावर मा.ची निळी हॅट. विचारलं नव्हतं मला. विचारायचं कशाला, तिचीही आईच. तरी.

४ जुलै

ऋचाचा फोन. केबल कारने डोंगरावर गेल्या. "बाबा, वर गाई आहेत, विथ बेल्स! आणि खाली पूर्ण लेक. यू हॅव नो आयडिया." नाहीच आहे.

सुलभा मागून, "भाऊजी, इथे दुपारी वारा सुटतो, सगळी पोरं शिडाच्या फळ्यांवर उभी. ताई इथेच बसून तासभर बघायची." 'इथेच' म्हणताना आवाज घरमालकिणीसारखा.

बाहेर सगळीकडे इथल्या स्वातंत्र्यदिनाचे फटाके. खिडक्या लावून घेतल्या.

७ जुलै, पंचमी

रजा घेतली. गुरुजी सकाळी आले. "कन्या इथेच असते ना आपली?" "बाहेरगावी आहे." दर्भ देताना माझ्याकडे पाहिलं.

डेकवर पान ठेवलं. कावळा लगेच आला. इथे कावळ्यांना काय तोटा. थोडं थांबायला लागलं असतं तर बरं वाटलं असतं.

गुरुजी गेले आणि फोन. "बाबा, आज बोट घेतली! मी स्टिअर केली, आईसारखी." मग सुलभा, हसत, "भाऊजी, रागावू नका हं. ताई म्हणायची, ह्यांच्या होडीत बसणं म्हणजे तोंडी परीक्षा. डावं वल्हं, उजवं वल्हं, पाठ सरळ. इथे शिकवायला कोणी नाही म्हणून बसते."

मीही हसलो.

"आज काय केलंत?"

"विशेष काही नाही. खीर केली होती."

"खीर? एकट्यासाठी?" तेवढ्यात ऋचाने फोन ओढून घेतला.

तीन वर्षं हे वाक्य सुलभाकडे होतं. मा.चं, माझ्याबद्दलचं. आज, आजच्या दिवशी, ते त्या दोघींकडे होतं. मी इथे दिवस राखून बसलो आणि मा. तिकडे...

१३ जुलै, रविवार

ऋचा काल आली. काळवंडलीय, खूश आहे. आज म्हणाली, "बाबा, समामिशला जाऊ." डबल कयाक. मागे तीच बसली. "तू पुढे. आणि नो टीचिंग, ओके?"

पुढच्या सीटवर मी कधी बसलो नव्हतो. मागचा माणूस दिसत नाही, फक्त वल्ह्याचा आवाज. बाकावर कोणीतरी पेपर वाचत होतं. किनाऱ्याशी 'उजवं' जिभेवर आलं, गिळलं. होडी नीट लागली.

पाण्यात असताना मागून म्हणाली, "नाइन्टींथ शनिवारी आहे. या वेळी गुरुजींना मी कॉल करणार. सगळं मी करणार. खीरसुद्धा, मावशीला विचारून. शी सेड तू केली होतीस?"

"हो," म्हटलं. पुढचं नाही.

गुरुजींचा नंबर फ्रिजवर आहे. ती केस धुवायला गेलीय. आल्यावर फोन करते म्हणाली.

ड्रायर बंद झाला.