शुक्राची शेपटी

ताई,

नमस्कार. पत्र बसून वाच, पण घाबरू नकोस, बातमी चांगली आहे.

संध्याकाळी पश्चिमेला जो धूमकेतू मी कारखान्याच्या गच्चीवरून सगळ्यांना दाखवत होतो, तो आपला साधा शुक्र निघाला. त्याची शेपटी फक्त मलाच दिसायची. फोरमन म्हणाला, "आकाश नंतर तपासा, आधी डोळे तपासा." तपासले, तर मोतीबिंदू. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून ऑपरेशन झाल्यावरच कळवतोय.

काल पट्टी सुटली. शुक्र टाचणीच्या टोकाएवढा, लख्ख. चंद्राची कोरही एकच. मध्यंतरी तीन दिसायच्या, हे कुणाला बोललो नव्हतो. आता जीव भांड्यात पडला. स्वयंपाक सध्या माझ्या खोलीवरचा सोबती करतो. मीठ विसरतो, एवढीच तक्रार.

तुझे गुडघे कसे आहेत?

आणि एक. मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस, की भाऊजींनाही तो धूमकेतू दिसला, मी सांगितलेल्या जागीच, शेपटीसकट. मेहुण्याचा शब्द राखायला तसं म्हणाले असतील, तर त्यांचे उपकार. पण खरोखरच दिसला असेल, तर उद्याच त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने.

एकच चंद्र पाहणारा,
तुझा धाकटा