डावीकडची ओढ

दि. १४, मंगळवार

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. बाबांचा खांदा पुन्हा धरलाय, जीभ मात्र शाबूत आहे. तुझी वहिनी रुसली आहे, कारण गेल्या खेपेला तू जेवायला न थांबताच पळालास. बस डेपोत माझी पाळी आता सकाळची झाली, त्यामुळे दुपार मोकळी मिळते. म्हणून हे पत्र.

तुझा लेख पोचला. मासिकाचे दोन अंक पाठवलेस, एक बाबांना आणि एक मला, हे बरं केलंस. एकच असता तर तो माझ्या हाती लागला नसता. आपली जुनी उघडी गाडी आणि कंपनीने तुला चालवायला दिलेली ती नवी, दोन्ही एकाच डोंगररस्त्यावर, एकाच दिवशी. लिहिण्यात तुझा हात कुणी धरणार नाही. जुनीचा ब्रेक गुडघ्यापासून जोर लावून दाबावा लागतो, पहिला गिअर मिनतवाऱ्या केल्याशिवाय पडत नाही, खड्ड्यातून गेली की सगळा डॅशबोर्ड कुडकुडतो, हे अगदी बरोबर. नवीचं छप्पर बटण दाबताच बारा सेकंदांत मागे जातं आणि इंजिनाचा आवाज चक्क स्पीकरमधून येतो, हे वाचून मी एकटाच हसलो.

नवी तू मलाही दहा मिनिटं चालवायला दिलीस, त्याबद्दल आभार. तुला सांगितलं नाही, पण एका वळणावर मी मुद्दाम जोरात घुसलो होतो. मागची चाकं सुटायला आली आणि तिने आपणच सावरून घेतलं. ना धक्का, ना आवाज. तू शेजारी बसून फोन बघत होतास. चूक आपण करायची, निस्तरायची तिने, आणि शेजारच्यालाही पत्ता लागू द्यायचा नाही. तेव्हाच मनात आलं, ही गाडी तुझ्यासाठीच बनवली आहे.

हा टोमणाच आहे. लागला नसेल तर पुढे वाच.

तू लिहिलंस, "जुन्या गाडीला डावीकडची ओढ आहे. सरळ रस्त्यावरही ती किंचित तिकडे कलते, तिकडचं काही आठवत असल्यासारखी. हा तिचा स्वभाव. नव्या गाडीला स्वभाव नाही, नुसती शिस्त आहे." आम्ही वर्कशॉपात म्हणतो, गाडी डावीकडे ओढते. ती तक्रार असते. ड्रायव्हर ती वहीत लिहितो आणि आम्ही गाडीखाली शिरतो. तू 'ओढते'मधला 'ते' तेवढा उडवलास आणि दोषाची कविता करून मोकळा झालास.

अरे, तिला तिकडचं काय आठवतं, हे तुला ठाऊक नाही? एकोणीस वर्षं झाली. बाबा परगावी गेले होते. तू सतराचा, परवाना नाही, आणि किल्लीसाठी सकाळपासून माझं डोकं खाल्लेलं. दिली मी. पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर तू डावं चाक दगडी कठड्यावर घातलंस आणि चासीचा पुढचा दांडा वाकला. घरी आलास तो पांढराफटक होऊन. "दादा, बाबा मला जिवंत सोडणार नाहीत." मी म्हटलं, "गप्प बस. मी चालवत होतो म्हणून सांगतो."

यात मोठेपणा नव्हता, उगाच हार घालू नकोस. मला वाटलं, मी त्यांच्या गॅरेजमधला उजवा हात. दोन दिवस बोलतील, तिसऱ्या दिवशी विसरतील. बाबा एकच वाक्य बोलले. "तुझा हात जड आहे, तू बसगाड्याच ठोक." त्याच महिन्यात मी डेपोत लागलो. तेव्हापासून त्या गाडीची दुरुस्ती मी करायची आणि चालवून बघायची त्यांनी. तुला मात्र गॅरेजातल्या दुसऱ्या गाड्यांवर शेजारी बसवून शिकवलं. त्या शिकवणीवर आज तुझं नाव झालं.

परवा त्यांनी भिंग लावून तुझा लेख मला मोठ्याने वाचून दाखवला. त्या ओढीपाशी थांबले आणि म्हणाले, "बघ. तू वाकवलीस, अन् त्याने त्यातसुद्धा गुण शोधला. मन मोठं लागतं त्याला." मी पान्हे पुसत होतो, पुसत राहिलो. मग म्हणाले, रविवारी तो येतोय, गाडीचे कागद त्याच्या नावावर करून टाकतो. ज्याला कळते त्याची.

गाडी मला नको. खरंच नको. मला त्यांच्या तोंडून 'तू वाकवलीस' हे पुन्हा ऐकायचं नाही, एवढंच.

आता जे लिहायचं टाळत इथवर आलो, ते लिहितो. तो दांडा सरळ करायला दोन दिवस पुरतात. बाबांनी मला तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा मी खोटं बोललो, की लोखंड थकलंय, ताणलं तर तुटेल. माझ्या निदानावर त्यांचा विश्वास होता, तेवढा एक उरला होता. एकोणीस वर्षं ते स्टिअरिंग उजवीकडे दाबून धरत आले. त्यांचा खांदा त्यातच गेला, आणि त्याला शेक देणारा मीच. मी ती वाकडी ठेवली, कारण कधीतरी तू स्टिअरिंगवर बसशील, तुझ्या हाताला ते लागेल, आणि लाजेने का होईना, तू तोंड उघडशील. तू बसलास, हाताला लागलंही. आणि तू त्याला स्वभाव म्हणालास.

तू विसरला असशील तर मला तुझी कीव येते. सोंग करत असशील तर किळस येते.

रविवारी सही होण्याआधी बाबांना सांग. खांद्याचं पाप माझं, ते मी त्यांच्यासमोर कबूल करीन. पण पहिलं वाक्य तुझं हवं. मी आधी बोललो तर त्यांना वाटेल, थोरला गाडीसाठी भांडतोय, आणि या वयात मला तेही ऐकायचं नाही. नाहीच बोललास, तर दार अडवणार नाही, गाडी खुशाल घेऊन जा. मात्र पुढच्या पाकिटावर 'तीर्थस्वरूप दादास' लिहू नकोस. नुसता पत्ता पुरे, पोस्टमनला घर माहीत आहे.

रविवारपर्यंत तुझाच,
दादा