शेवटच्या दोन ओव्हर

दादा,

फोनवर तुला म्हणाले, बाबांना जरा बरं वाटत नव्हतं म्हणून दवाखान्यात आणलंय. पुढचं या वहीतच राहणार, तुला पाठवायची हिंमत नाही.

परीक्षा संपून कालच सुट्टी लागली. आज शेजाऱ्यांना वाटायला केक ओव्हनमध्ये ठेवला आणि बाबांबरोबर फायनल बघायला बसले. नियम तूच काढलेला: आपली टीम जिंकत असताना कुणी जागचं हलायचं नाही. शेवटच्या दोन ओव्हर राहिल्या तेव्हा बाबा छाती चोळत म्हणाले, "जरा आत जाऊन पडतो गं." मी त्यांचा हात धरून ओरडले, "बाबा, उठलात तर विकेट जाईल!" ते हसून बसून राहिले. केक करपल्याचा वास आला, तरी मीही उठले नाही.

आपण जिंकलो. मी उड्या मारल्या. बाबांना मात्र उठताच येईना.

आता आयसीयूबाहेर मिळाली त्या खुर्चीत बसलेय. आई म्हणाली, पाणी तरी पिऊन ये. नाही गेले. ती औषधं आणायला खाली गेलीय, आणि सिस्टर दारातून विचारतायत, "पेशंटबरोबर कोण आहे?"

दादा, मला उठायची भीती वाटतेय.

तुझी,
बुटकी