झोपलेल्या ड्रॅगनचे नियम

अगं,

मी रात्रपाळीला बेकरीत चाललोय. जेवण झाकून ठेवलंय. ठमी शेजारच्या काकूंकडे आहे, आल्यावर तिला घेऊन ये.

तिच्या वाढदिवसाचे खेळ आज आम्ही दोघांनी बसून ठरवले. सगळं ड्रॅगनचंच हवंय तिला. शेपटी चिकटवायचा आणि अंडी शोधायचा खेळ मी सुचवला. तिसरा तिचा स्वतःचा. ड्रॅगन दिवसा झोपतो आणि मुलांनी त्याच्या गुहेतला खजिना पळवायचा. नियम तिने धडाधड सांगितले. चपला हातात घ्यायच्या. कपाट उघडताना दार जरा वर उचलायचं, म्हणजे कुरकुरत नाही. खोकला आला तर उशीत तोंड खुपसायचं. त्याने कूस बदलली की जागच्या जागी पुतळा.

मी म्हटलं, "वा गं, एवढं सगळं सुचलं कसं?"

तर म्हणते, "सुचलं कुठे? आई आणि मी रोज दुपारी खेळतो की!"

मी हसण्यावारी नेलं, पण मान वर करवेना. झोप मोडली की मी काय काय बोलतो, ते तू मला कधीच ऐकवलं नाहीस. परवा चमचा पडला तेव्हाचं तर माझं मलाच आठवतंय.

रविवारी ड्रॅगन मीच होणार, आणि झोपणार नाही. तिला म्हटलं, आता मोठ्याने हसून दाखव बघू. तिने आधी जाऊन मी दिवसा झोपतो त्या खोलीचं दार ओढून घेतलं, मग हसली.

आत कोणीच नव्हतं गं. मी तिच्यासमोरच बसलो होतो.