अस्वलाच्या पावलांचा बोर्ड

हिवरदरा गेट, ६ मे

प्रिय पप्पा,

सप्रेम जय भीम.

मी इथं मजेत आहे. आईचे गुडघे, सम्यकचा क्लास, तुमची शिफ्ट सगळं ठीक असेल असं धरून चालते.

पत्र बघून दचकू नका. इथं मोबाईलला रेंज नाही. पाणवठ्याच्या वरच्या टेकडीवर चढलं की दोन काड्या येतात, तेवढ्यात आईला खुशाली सांगून होते. शिवाय फोनवर तुम्ही नुसतं “बरी हायस ना” म्हणता आणि फोन आईकडं देता. म्हणून पाकिटावर तुमचंच नाव घातलंय.

इंटर्नशिपला येऊन आठ दिवस झाले. कन्नडपर्यंत एसटी, पुढं जीप, आणि शेवटचे तीन किलोमीटर वनरक्षक रामकिसनभाऊंच्या मोटारसायकलवर, मांडीवर चित्रांची पिशवी धरून. गेटाशी तिकिटाची खिडकी आहे, माहिती केंद्राची एक खोली आहे आणि मागं आम्हा दोघींची राहायची खोली. दोघी म्हणजे मी आणि आवडाबाई. त्या खालच्या वस्तीवरच्या. तिकिटं फाडतात, स्वयंपाक करतात आणि येणाऱ्याच्या पिशवीत प्लास्टिकच्या बाटल्या किती हे पिशवी न उघडता सांगतात. मी त्यांना मावशी म्हणते.

सकाळी सहाला गेट उघडतं. आलेल्यांची नावं रजिस्टरला घ्यायची, स्पीकर गाडीतच ठेवा म्हणायचं, आणि “वाघ आहे का?” या प्रश्नाला रोज वीसदा “वाघ नाही, अस्वल आहे” असं सांगायचं. अस्वल म्हटलं की लोकांचे चेहरे पडतात. जणू अस्वल म्हणजे आपल्या गारखेड्यातलं मांजर!

दुपारी गेट शांत असतं. तेव्हा माझं खरं काम. जुने फ्लेक्सचे बोर्ड उन्हानं पांढरे पडलेत, उरलेले वानरांनी फाडलेत. इथल्या वनाधिकारी मॅडम म्हणाल्या, “लाकडावर काहीतरी कर, जंगलात शोभेल असं.” मग मी बाण काढायचे नाहीत असं ठरवलं. बाणाऐवजी अस्वलाची पावलं. जिकडं जायचं तिकडं जाणारी पाच पावलं, आणि खाली नाजूक अक्षरात जागेचं नाव. पहिला बोर्ड वडाच्या फाट्यावर लागला. मॅडमनी त्याच्यासोबत फोटो काढला. कॉलेजच्या सरांनाही पाठवला.

एका खडकावर ऑइल पेंटनं लिहिलेलं “शिकार करणे गुन्हा आहे” अजून ठणठणीत आहे. किती वर्षांचं असेल कोणालाच माहीत नाही. त्यातला ‘श’ बघून मला तुम्ही रंगवलेल्या दुकानांच्या पाट्या आठवल्या, फ्लेक्स यायच्या आधीच्या.

आई म्हणाली, बिडकीनच्या कंपनीत तुमचं काम बदललं. फरशीवर पिवळे पट्टे रंगवायचं काम आता तुमच्याकडं नाही का? काय झालं ते तिनं सांगितलं नाही. जमलं तर कळवा.

सगळीकडं बहावा फुललाय. आईला सांगा, करवंदं आणते.

तुमची,
विशाखा


हिवरदरा गेट, १९ मे

प्रिय पप्पा,

सप्रेम जय भीम.

तुमचं उत्तर आलं नाही. पोस्ट उशिरानं जाते म्हणा. रामकिसनभाऊ कन्नडच्या बाजाराला गेले की टाकतात.

बुद्ध पौर्णिमेला मावशींनी मला विचारलं, “तुमच्यात आज काय करतेत?” मी म्हटलं, खीर. त्यांनी शेळीच्या दुधाची केली. वास थोडा वेगळा होता, पण मी दोन वाट्या खाल्ल्या. माहिती केंद्रासाठी मी बारा पक्ष्यांची चित्रं केलीत. मावशी त्यांना नावं सांगतात ती पुस्तकातल्यापेक्षा चांगली आहेत, म्हणून दोन्ही लिहिते. इथं मी खरंच आनंदात आहे पप्पा. हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की मी रडत बसलेय.

गेल्या बुधवारी सिल्लोडचं एक जोडपं आलं होतं. साहेबराव, शाळेतून निवृत्त झालेले, आणि त्यांच्या बायको मनकर्णाबाई. दोघं सत्तरीच्या आसपास. सकाळी सातला आत गेले. दीड तासाची वाट. साडेदहाला मी माहितीपत्रक रंगवत बसले होते. मावशी रजिस्टरवर बोट ठेवून म्हणाल्या, “हे दोन म्हातारे परत आले का गं?”

मी रजिस्टर ओढून बघितलं, परतीचा रकाना कोरा होता. रजिस्टर माझ्याकडं होतं, पप्पा. बघायचं मी होतं.

रामकिसनभाऊ धावत गेले. मी मागं. वडाच्या फाट्यावर डावीकडं परतीची वाट आहे आणि उजवीकडं नाल्यात उतरणारी. नाल्याकडं माणसानं जायचंच नसतं, तिथं सावली नाही आणि अस्वलाच्या गुहा आहेत. आम्हाला ते तिथंच सापडले. मनकर्णाबाई खडकाला टेकून बसल्या होत्या, ओठ कोरडे, डोळे मिटलेले. साहेबराव स्वतः उन्हात उभे राहून त्यांच्यावर टॉवेलची सावली धरत होते. रामकिसनभाऊंनी त्यांना मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. वीस मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले आणि पहिलं काय म्हणाल्या? “डब्यातली पोळी वानरानं नेली.” मग गेटावरून खुर्ची मागवून आम्ही त्यांना तिच्यात बसवून वर आणलं.

गेटावर आल्यावर मी साहेबरावांना विचारलं, “काका, बोर्ड दिसला नाही का?”

ते म्हणाले, “दिसला की! अक्षरं काही लागेनात, पण पावलं दिसली. अस्वल डाव्या बाजूनं जातं असा इशारा असंल, म्हणून आम्ही उजवीकडं गेलो.”

रामकिसनभाऊ हसले. साहेबराव पण हसले. मलाही हसू आलं, आणि मग मी माहिती केंद्राच्या मागं जाऊन बसले.

त्या दिवशी मॅडम कन्नडला होत्या. दुसऱ्या दिवशी आल्या, विचारपूस केली आणि नोंदवहीत लिहिलं, पर्यटकांनी सूचनाफलकाकडं दुर्लक्ष केल्यामुळे वाट चुकली. मी समोर उभी होते. गप्प बसले. आज पाच दिवस झाले, मी गप्पच आहे. रामकिसनभाऊंना माहीत आहे, पण ते काही बोलत नाहीत. त्यांच्या न बोलण्याचाच त्रास होतो.

आणि खरं सांगायचं तर मला सारखे साहेबराव आठवत नाहीत. तुम्ही आठवता.

फेब्रुवारीतलं आमचं कॉलेजचं प्रदर्शन. तुम्ही शिफ्टवरून तसेच आला होतात, कंपनीच्या निळ्या शर्टात. माझ्या पोस्टरपासून लांब उभे राहिलात आणि म्हणालात, “पोरी, इथून वाचताच येत नाय. लई बारीक झालं.” पुण्याहून आलेले परीक्षक शेजारीच होते. त्यांनी विचारलं, “हे कोण?” आणि मी म्हटलं, “आमच्या ओळखीचे पेंटर आहेत.”

तुम्ही ऐकलंत. मला माहीत आहे तुम्ही ऐकलंत, कारण तुम्ही परीक्षकांना नमस्कार केलात आणि “येतो” म्हणालात, मला नाही, त्यांना. त्यानंतर घरात तुम्ही माझ्याशी जेवलीस का, आलीस का एवढंच बोलता. रागावला असतात तर बरं झालं असतं.

मला तुमची लाज वाटली होती. हे वाक्य मी तीन वेळा खोडलं. आता राहू देते. माफ करा असं लिहायला जाते, पण ते दोन शब्द फार छोटे वाटतात.

उद्या मॅडम येणार आहेत. नोंदवहीतली ओळ चुकीची आहे हे त्यांना सांगणार आहे. इंटर्नशिपचं प्रमाणपत्र मिळेल न मिळेल. तो बोर्ड मी आजच काढून खोलीत आणून ठेवलाय. फाट्यावर सध्या रामकिसनभाऊंनी दोरी बांधलीय आणि चुन्यानं बाण मारलाय. वाकडातिकडा आहे, पण कोणी चुकत नाही.

बोर्ड कसा लिहायचा ते मला सांगाल का?

विशाखा


हिवरदरा गेट, ५ जून

प्रिय पप्पा,

सप्रेम जय भीम.

या पत्राचं अक्षर एवढं मोठं का, असं विचारू नका. एका पानावर नऊच ओळी बसतात. वही संपत आली.

तुम्ही रविवारी येऊन गेलात त्याला चार दिवस झाले. इथं अजून तुमचंच चाललंय. तुम्ही येणार असं मला कोणी कळवलं नव्हतं. मी खिडकीत तिकिटं देत होते आणि बाहेर मावशींचा आवाज आला, “कोण पाहिजे?” तुम्ही म्हणालात, “विशाखाकडं जरा काम व्हतं.” बाप आहे असं काही बोलला नाहीत. ते तुम्ही माझ्यावर सोडलंत, हे मला तिथंच कळलं. मी बाहेर आले. तिकिटाच्या रांगेत दहा-बारा माणसं होती, त्या सगळ्यांसमोर मी म्हटलं, “मावशी, हे माझे पप्पा.” आवाज जरा जास्तच मोठा निघाला. मावशी म्हणाल्या, “मग आधी सांगायचं ना बाई, मी बिनदुधाचा चहा ठेवला!”

तुम्ही पिशवीतून आईचे धपाटे काढून माझ्या हातात दिलेत.

मॅडमचं मी तुम्हाला वाटेत सांगितलं होतं, पण तेव्हा नीट सांगता आलं नाही. वीस तारखेला मी त्यांना सगळं सांगितलं, रजिस्टरचंसुद्धा. त्यांनी पेन काढून ती ओळ खोडली आणि शेजारी लिहिलं, फलक सदोष, बदलणे. मग म्हणाल्या, “सिल्लोडला फोन करून त्यांची चौकशी तू कर.” मी टेकडीवर जाऊन केला. मनकर्णाबाई बऱ्या आहेत. मी बोर्ड माझा होता म्हटलं, तर साहेबराव म्हणाले, “चित्र छान होतं पण.” शिक्षक आहेत, आधी शाबासकी देतात.

आता रविवारचं. तुम्ही बोर्डाचं नावसुद्धा काढलं नाहीत. म्हणालात, “आधी वाट दाखव.” पूर्ण वाट चाललात. ज्याला वाट सांगायची तो कुठून येतो, दमलेला असतो का, ऊन त्याच्या डोळ्यावर असतं का, हे तुम्ही प्रत्येक वळणावर थांबून बघितलंत. चार वर्षांच्या कॉलेजात हे मला कोणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल.

फाट्यावर मी नव्या फळीवर खडूनं लिहिलं, ‘परतीचा रस्ता’. तुम्ही तीस पावलं मागं जाऊन उभे राहिलात. “नाय दिसत.” मी पुसून मोठं लिहिलं. “नाय.” मी तळहाताएवढी अक्षरं काढली. तुम्ही डोळ्यांवर हात धरलात, मान वाकडी केलीत. “अजून जरा.” तुमच्या शेजारी रामकिसनभाऊ होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना ती अक्षरं पहिल्याच वेळी वाचता आली होती.

तेव्हा मला कळलं, पप्पा.

मग मला सगळंच दिसायला लागलं. पायऱ्या उतरताना तुम्ही आधी पाय घासून बघता. चहाचा कप घेताना हात आधी टेबलावर ठेवता. बहावा दाखवला तेव्हा दुसऱ्याच झाडाकडं बघून “भारी हाय” म्हणालात. काल टेकडीवरून आईला फोन लावला आणि तिला बोलतं केलं. कंपनीत पिवळा पट्टा दोनदा वाकडा गेला म्हणून तुम्हाला मालाच्या गोदामात टाकलंय. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगून वर्ष झालं, आणि माझ्या फीचं वर्ष संपू दे म्हणून तुम्ही थांबलात. माझी दोन्ही पत्रं तुम्ही सम्यककडून वाचून घेतलीत. म्हणजे फेब्रुवारीचं सगळं त्यानं मोठ्यानं वाचलं. असू दे. त्यालाही कळू दे.

प्रदर्शनात तुम्ही म्हणालात वाचता येत नाही, आणि मला वाटलं तुम्ही माझ्या कामाला नावं ठेवताय. तुम्हाला खरंच दिसत नव्हतं.

फाट्यावर मग मी फक्त अक्षरं मोठी करत गेले, तुम्हाला दिसेपर्यंत. शेवटी एक अक्षर वीतभर झालं तेव्हा तुम्ही तीस पावलांवरून वाचलंत, “परतीचा रस्ता,” आणि लहान पोरासारखे हसलात. मग जवळ येऊन म्हणालात, “सरक,” आणि हातानं चाचपत, न बघता म्हणावं असं, कोळशानं ‘र’चा गळा दुरुस्त केलात. तो एकदम बसला. मी रंग भरला. खाली बाण, जाड, काळा, एकच.

तो बोर्ड आता लागलाय. मंगळवारी कन्नडहून सहल आली होती. त्यातल्या एक आजी वळणावरूनच ओरडल्या, “हे बघा, रस्ता हिकडं!” मी वडाखाली उभी होते. मला इतकं बरं वाटलं की मी मावशींना जेवताना तीनदा सांगितलं. मॅडमनी आता सगळे बोर्ड याच मापाचे करायला सांगितलेत. अकरा आहेत. अस्वलाची पावलं माहिती केंद्राच्या भिंतीवर गेली, तिथं मुलं त्यावर आपले पाय ठेवून बघतात. ती तिथं शोभतात.

आता ऐका. रामकिसनभाऊंच्या मोठ्या भावाचं ऑपरेशन शहरातल्या ज्या दवाखान्यात झालं, तिथं मी काल टेकडीवरून फोन केला. चौदा तारखेला सकाळी नऊला तुमची तपासणी आहे, आणि सगळं ठीक असलं तर दोन दिवसांनी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. मॅडमनी मला आठवडाभराची रजा दिलीय. मी बारा तारखेलाच येते. उरलेले बोर्ड परत आल्यावर करीन. तुम्ही नाही म्हणाल, शिफ्टचं कारण सांगाल, पाऊस पडू दे म्हणाल. आईला सगळी कारणं आधीच सांगून ठेवलीत, ती दाराशी उभी राहील.

हो म्हणायचीही गरज नाही. निळा शर्ट तेवढा इस्त्री करून ठेवा. दवाखान्यात पेशंटसोबत कोण, असं विचारतात. मी सांगणार आहे.

हे पत्र सम्यकच्या हातात देऊ नका. उजेडाला बसा आणि स्वतः वाचा. कितीही वेळ लागू दे.

तुमची मुलगी,
विशाखा