गबाळ्याची घडी

प्रिय गबाळ्या,

या खेपेलाही घरी येत नाहीस, असं कळवलंस. कारण नेहमीचंच, काम. बरं बाबा, असेल काम. पण माझ्या प्रयोगशाळेत सध्या एक गंमत चाललीय, ती ऐकल्याशिवाय तुझी सुटका नाही.

पेशीच्या आत पातळ पडद्यांचं एक जाळं असतं. त्याचं नाव अंतर्द्रव्यजालिका. जीभ अडखळते म्हणून मी त्याला आपलं घडीघर म्हणते. नवी प्रथिनं दोऱ्यासारखी आत शिरतात आणि तिथे त्यांच्या घड्या बसतात. घडी नीट बसली की इवल्या पिशव्यांतून पुढच्या दाराने रवाना. फसली, तर मागच्या दाराने बाहेर ढकलायचं आणि तुकडे करायचे. थेट आपल्या बाबांची लाँड्रीच की! मी मात्र एका विषाच्या मागे लागलेय. ते बाहेरून उलट्या वाटेने घडीघरात येतं आणि स्वतःची घडी मुद्दाम विस्कटतं. दाराला वाटतं, हा बिघडलेला माल, देतं ढकलून. तुकडे करणाऱ्यांच्या हाती लागायच्या आत पठ्ठ्या पुन्हा ऐटीत घडी घालून मोकळा! कसं जमतं त्याला? आणि दाराला खरंच काही कळत नाही? या प्रश्नाने माझं डोकं खाल्लंय.

मग तू आठवलास. विष म्हटलं म्हणून फुगू नकोस. दुकान तुझ्याच हाती यायचं होतं, आणि तुझ्या हातचा एक शर्ट धड नसायचा. कॉलर उलटी, बाह्या लोंबत. गिऱ्हाइकं कटकट करायची. शेवटी बाबांनी तुला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. तुझ्याच्याने घडी व्हायची नाही, जा, दुसरं काहीतरी बघ म्हणाले. काय झटपट गेलास रे! आज तू पॅराशूटच्या घड्या घालतोस. माणसं तुझ्या घडीच्या भरवशावर विमानातून उड्या मारतात. चोरा, तुझं ते विस्कटणं मुद्दाम होतं, हे आधीच माझ्या लक्षात कसं आलं नाही?

परवा जेवताना मी बाबांना विषाची गोष्ट सांगत होते. दाराला खरंच कळत नसेल का हो, असं विचारलं. त्यांना वाटलं, मी तुझ्याबद्दलच विचारतेय. जेवायचे थांबले. म्हणाले, कळत होतं गं. पण त्याला दुकानाला नाही म्हणता येत नव्हतं, आणि मला रागावल्याशिवाय जा म्हणता येत नव्हतं.

तू त्यांना फसवलंस म्हणून तोंड चुकवतोयस ना? ते फसलेच नव्हते.

या महिन्याअखेर लाँड्री बंद होतेय. तू गेल्यापासून बाबा मोठ्या चादरी घेत नव्हते. त्यांच्या घडीला दोन माणसं लागतात. काल मात्र त्यांनी चादरींचा अख्खा गठ्ठा घेतला. धुतला, वाळवला. मी दुसरं टोक धरायला गेले, तर राहू दे म्हणाले. तो तसाच टेबलावर पडलाय आणि मला बघवत नाही, म्हणून हे पत्र. ये. आणि पुढच्या दाराने ये.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
ताई